रडणारी हायबर्निया, तलवारवाली ब्रिटानिया: शेजारी देशांच्या व्यंगचित्रांतल्या बायका

रेघोट्या

लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात २९ ऑक्टोबर १८८१ ला जॉन टेनिएलचं एक पानभर व्यंगचित्र छापून आलं. नाव 'टू फोर्सेस', म्हणजे दोन ताकदी. त्यात ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपातलं ब्रिटन, ताठ उभी आहे. डोक्यावर शिरस्त्राण, हातात तलवार, तलवारीवर लिहिलंय 'कायदा'. तिला बिलगून हायबर्निया, म्हणजे आयर्लंड. कोवळी, नाजूक, मोकळ्या केसांची मुलगी, रडतेय. समोर एक आयरिश बाप्या दगड उगारून उभा. त्याच्या टोपीवर 'अराजक' असं लिहिलंय आणि चेहरा माणसापेक्षा माकडाच्या जवळ जाणारा.

या चित्रापाशी मी थांबलो ते एका गोष्टीमुळे. हायबर्निया आयरिश आहे आणि तो दगडवालाही आयरिश आहे. एकाच मातीची दोन माणसं, पण चेहऱ्यांत तिळभर साम्य नाही. तिचा चेहरा ग्रीक पुतळ्याचा, त्याचा वानराचा. टेनिएलनं एका देशाची फाळणीच केली आहे. भूमी वेगळी काढली आणि तिला सुंदर बाई केलं. त्या भूमीवर राहणारे लोक वेगळे काढले आणि त्यांना जनावर केलं. एकदा हे जमलं की मोठ्या शेजाऱ्याला कसलीच अडचण उरत नाही. आयर्लंडवर आमची माया आहे, त्रास आहे तो फक्त आयरिश लोकांचा, असं त्याला अगदी प्रामाणिक चेहऱ्यानं म्हणता येतं.

हे एकच चित्र असतं तर सोडून दिलं असतं. पण ३ मार्च १८६६ चं 'द फिनियन पेस्ट' बघा, तेही टेनिएलचंच. फिनियन म्हणजे आयर्लंड स्वतंत्र करायला निघालेले क्रांतिकारक, आणि 'पेस्ट' म्हणजे रोगराई. हायबर्निया ब्रिटानियाला विचारते, 'ताई गं, या त्रासदायक लोकांचं काय करायचं आपण?' ब्रिटानिया म्हणते, 'आधी यांना वेगळं ठेवून बघू, आणि मग...' वाक्य तिथंच तुटतं. त्या वर्षी इंग्लंडात गुरांची साथ होती आणि आजारी जनावरं वेगळी बांधायची चर्चा सगळीकडे चालली होती, म्हणून ही कोटी. पण फेब्रुवारीतच सरकारनं आयर्लंडमध्ये हेबियस कॉर्पस स्थगित केलं होतं, म्हणजे खटल्याशिवाय कुणालाही आत टाकता येत होतं. या निर्णयाला संमती कुणाची दाखवली? खुद्द हायबर्नियाची. आयर्लंडच आपल्या लोकांना कोंडायची विनंती करतंय!

आणखी एक माहिती देतो, ती मला फार महत्त्वाची वाटते. 'पंच'चं मोठं चित्र टेनिएल एकट्याच्या मनानं काढत नसे. दर बुधवारी संपादक मंडळींचं जेवण व्हायचं, तिथं चर्चा करून विषय ठरायचा. मग टेनिएल लाकडी ठोकळ्यावर रेखाटन करायचा आणि जोसेफ स्वेनच्या कारखान्यात ते कोरलं जायचं. त्या बुधवारच्या टेबलावर सगळे पुरुष. आयर्लंडनं कधी रडायचं, कुणाच्या खांद्यावर रडायचं, हे तिथं ठरत होतं.

इतर शेजारी देशांच्या व्यंगचित्रांत हा प्रकार कसा दिसतो? ज्यांना उदाहरणं माहीत आहेत त्यांनी शक्यतो वर्षासकट लिहा. बाई कोण, बाप्या कोण, आणि चित्र कुणी काढलंय, एवढं तरी नक्की सांगा.

कसबेकर

धागा आवडला, पण निष्कर्ष जरा घाईचा वाटतो. देशाला स्त्रीरूप देणं ही फार जुनी रीत आहे. ब्रिटानिया रोमन बादशहा हेड्रिअनच्या नाण्यांवर दुसऱ्या शतकात येऊन बसली आहे. फ्रान्सची मारियान, जर्मनीची जर्मानिया, स्वित्झर्लंडची हेल्वेशिया, सगळ्या बायकाच. तुमच्या चित्रातली शक्तिशाली बाजूसुद्धा बाईच आहे की. मग स्त्री दाखवली म्हणजे दुबळं दाखवलं, हे कसं?

व्यंगचित्रकाराला वाचकाचे चार-पाच सेकंद मिळतात. ओळखीचं प्रतीक वापरण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं.

रेघोट्या

कसबेकर, स्त्री म्हणजे दुबळी असं मी म्हणत नाहीये. दोघींमधला फरक बघा. ब्रिटानियाकडे शिरस्त्राण, ढाल, त्रिशूळ किंवा तलवार. ती ग्रीकांच्या युद्धदेवीच्या, अथेनाच्या घराण्यातली. हायबर्नियाच्या हातात फार तर वीणा. एक उभी, दुसरी टेकलेली. एक बोलते, दुसरी विचारते. शिवाय इंग्लंडकडे दोन पात्रं आहेत. व्यापार, कर, वैताग, पोट सुटलेला सामान्य माणूस दाखवायचा तर जॉन बुल. न्याय आणि शिक्षा दाखवायची तर ब्रिटानिया. 'पंच'च्या आयर्लंडलाही दोन पात्रं आहेत, पण तिथं एक रडते आणि दुसरा दगड मारतो. विचार करणारा, वाटाघाट करणारा, कायदा जाणणारा आयरिश माणूस या मांडणीत बसतच नाही.

१८५७ चं उदाहरण आपल्या जवळचं आहे. १२ सप्टेंबर १८५७ च्या 'पंच'मध्ये टेनिएलचं 'जस्टिस' आलं. ब्रिटानिया तलवार उगारून शिपायांना तुडवत चालली आहे. कानपूरच्या बीबीघरात इंग्रज बायकामुलांची कत्तल झाल्याच्या बातम्यांनी लंडन पेटलं होतं, नानासाहेब पेशव्यांचं नाव तिथं घरोघरी शिवीसारखं घेतलं जात होतं. त्या चित्राच्या एका कडेला हिंदुस्थानी बायका पोरांना कवटाळून रडताना दिसतात. म्हणजे इंग्रज बाईच्या रक्ताचा सूड म्हणून ब्रिटानियाचीच तलवार, आणि तिच्या टप्प्यात पुन्हा बायकाच. ते चित्र बघून कुणाला ब्रिटानिया दुबळी वाटणार नाही. पण बाईचं रूप तिथं काय काम करतंय ते बघा: सूडाला ते न्यायाचा मुखवटा देतंय.

लिफीकाठ

बरीच वर्षं डब्लिनमध्ये राहते, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही. रेघोट्या, तुमच्या चित्रातल्या दोघी आमच्याकडे दगडात आहेत. लिफी नदीच्या काठी कस्टम हाउस आहे, १७९१ मध्ये पूर्ण झालेलं. त्याच्या दर्शनी त्रिकोणात ब्रिटानिया आणि हायबर्निया एकमेकींना आलिंगन देताना कोरल्या आहेत, शेजारी नेपच्यून दुष्काळाला आणि निराशेला हाकलतोय. हे कोरलं गेलं आणि त्यानंतर दहा वर्षांत, १ जानेवारी १८०१ ला, आयर्लंडची स्वतंत्र संसद बंद होऊन देश ब्रिटनमध्ये विलीन झाला. आणि दुष्काळ? १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. त्याच नदीतून धान्य आणि गुरं भरलेली जहाजं इंग्लंडकडे जात होती. मी त्या इमारतीवरून जाते तेव्हा ते आलिंगन बघवत नाही.

पण हायबर्निया ही निव्वळ इंग्रजांची निर्मिती नाही, हेही सांगायला हवं. आयर्लंडचं आयरिश नाव ज्या एरिउवरून आलं ती देवीच होती. अठराव्या शतकात आयरिश भाषेत 'अश्लिंग' नावाचा काव्यप्रकार भरात होता. कवीला स्वप्नात एक तेजस्वी स्त्री भेटते, ती आयर्लंड असते, परक्याच्या ताब्यात असते आणि समुद्रापलीकडून आपला खरा राजा परत येईल म्हणून वाट बघत असते. म्हणजे इथल्या कवींनीही तिला वाट बघायलाच लावली होती. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर १९२८ च्या नोटांवर कोण आलं? पुन्हा एक सुंदर बाई, वीणेवर टेकलेली. चित्रकार जॉन लॅव्हरीनं आपल्या बायकोला, हेझलला, समोर बसवून ते चित्र काढलं होतं. कित्येक दशकं ती नोटेवर होती.

आणखी एक: इथल्या पोस्टाच्या मुख्य इमारतीवर, जिथून १९१६ चा उठाव झाला, तिथंही वर हायबर्निया उभी आहे. तिच्याबद्दल मात्र मला जिव्हाळा वाटतो. का ते नीट सांगता येणार नाही.

कुंचला

माझा व्यवसाय चित्रं काढण्याचा आहे, राजकीय नव्हे, पण प्रतीकं रोजच हाताळावी लागतात. कसबेकरांचा वेळेचा मुद्दा खरा आहे. तरीही एक देश एका चित्रात पुरुष आणि दुसऱ्या चित्रात स्त्री का होतो, याचं उत्तर फक्त रिवाजात सापडत नाही. बेल्जियम घ्या.

४ ऑगस्ट १९१४ ला जर्मनी बेल्जियममध्ये घुसली. १२ ऑगस्टच्या 'पंच'मध्ये एफ. एच. टाउनसेंडचं 'ब्राव्हो, बेल्जियम!' आलं. एका फाटकासमोर छोटा खेडवळ मुलगा काठी घेऊन उभा आहे, फाटकावर 'वाट नाही' अशी पाटी. समोरून एक थोराड जर्मन दांडकं परजत येतोय, त्याच्या खिशातून सॉसेजची माळ लोंबतेय. बेल्जियम इथं मुलगा आहे. का? कारण त्या आठवड्यात बेल्जियम लढत होता, आणि लढणाऱ्याबद्दल इंग्रज वाचकाला कौतुक वाटावं हा हेतू होता.

आता १९१८ चं अमेरिकन पोस्टर बघा, एल्सवर्थ यंगचं 'रिमेम्बर बेल्जियम'. मागे आग लागलेली, पुढे टोकदार शिरस्त्राणाच्या जर्मन सैनिकाची काळी आकृती, आणि तो एका लहान मुलीला हाताला धरून फरफटत नेतोय. युद्धकर्जाचे रोखे विकण्यासाठी हे पोस्टर होतं. बेल्जियम आता मुलगी झाली. कारण आता वाचकाकडून कौतुक नको होतं, पैसे हवे होते आणि त्यासाठी त्याचा संताप हवा होता.

अत्याचार झाले नव्हते असं कृपया कुणी समजू नये. १९१४ च्या त्या पहिल्या काही महिन्यांत जर्मन सैन्यानं बेल्जियम आणि फ्रान्समध्ये सहा हजारांहून अधिक नागरिक मारले, बेल्जियममधल्या लुव्हेन शहराचं ग्रंथालय जाळलं, बायकांवर बलात्कार झाले. पण पोस्टरमधल्या मुलीला चेहरा नाही, नुसती छाया आहे. ज्या खऱ्या बायकांवर हे गुदरलं त्यांचं पुढे काय झालं, हे विचारायला ते पोस्टर लावलंच नव्हतं.

तेव्हा मी चित्र बघताना एक प्रश्न आधी विचारते: हे चित्र माझ्याकडून काय मागतंय? बाईचं रूप बहुतेक वेळा त्या मागणीवर ठरतं. त्या देशाच्या स्वभावाशी त्याचा संबंध कमीच.

उत्तरध्रुव

कुंचलाताई, फार छान लिहिलंत. इकडे कॅनडात मागणी वेगळी होती, लग्नाची. १८६९ मध्ये माँट्रियलच्या 'डायोजिनिस' साप्ताहिकात एक चित्र आलं होतं. मिसेस ब्रिटानिया आपल्या मुलीला, मिस कॅनडाला, विचारते: 'बाळ, तू त्या चुलतभावाला, जोनाथनला, कधी काही उत्तेजन तर दिलं नाहीस ना?' मिस कॅनडा म्हणते, 'छे गं आई, आपण कधीच एक होऊ शकत नाही असं मी त्याला सांगून टाकलंय.' जोनाथन म्हणजे अमेरिका, अंकल सॅमच्या आधीचं त्यांचं पात्र. कॅनडाचं संघराज्य १८६७ मध्ये झालं होतं, म्हणजे हे चित्र दोन वर्षांच्या देशाबद्दलचं.

बघा, इथं मिस कॅनडा रडत नाही. नकार देते. पण नकारही आईच्या चौकशीला उत्तर म्हणून देते! हे चित्र काढणारे परके नव्हते, कॅनडातलेच होते. त्यांनाही आपला देश म्हणजे वयात आलेली, जिच्यावर दोन घरं हक्क सांगतायत अशी मुलगी, असाच दिसला. याच काळापासून जॉनी कॅनक नावाचा रांगडा लाकूडतोड्याही व्यंगचित्रांत दिसतो, आणि अंकल सॅमला सरळ अंगावर घ्यायचं असलं की तो पुढे येतो. नकार द्यायला मुलगी, भांडायला मुलगा.

अमेरिकेच्या अध्यक्षांनी कॅनडाला एक्कावन्नावं राज्य म्हणायला सुरुवात केली तेव्हा मला १८६९ चं ते चित्र आठवलं. मागणी घालणं आणि धमकी देणं यातलं अंतर तेव्हाही फार नव्हतं.

सायली_ब

मी जरा वेगळ्या बाजूनं लिहिते. वरच्या सगळ्या चित्रांत बाई म्हणजे देशाची भूमी, तिची राखण करायची. पण दुसराही एक प्रकार आहे आणि तो आपल्या अंगणातला आहे: समोरच्या पुरुषाला बाई करणं. शेजारी देशाचा नेता साडीत, नेत्याच्या हातात बांगड्या, नेत्याच्या डोक्यावर पदर. 'बांगड्या भरल्यात काय' हे आपण लहानपणापासून ऐकतो. आंदोलनात अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर देणं ही महाराष्ट्रात नित्याची गोष्ट आहे, आणि कित्येकदा तो आहेर घेऊन बायकाच पुढे असतात. २०२४ च्या लोकसभा प्रचारात पाकिस्ताननं बांगड्या भरल्यात की नाहीत, यावर देशातले मोठे नेते एकमेकांना उत्तरं देत होते. दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांबद्दलची ही भाषा!

पहिल्या प्रकारात बाई पूज्य आहे, दुसऱ्यात बाई असणं हीच शिवी आहे. दोन्ही एकाच वर्तमानपत्रात, एकाच दिवशी, शेजारशेजारच्या पानांवर सुखानं नांदतात. मला याचा मनापासून राग येतो. माझ्या हातातल्या बांगड्यांवरून कुणाचा भित्रेपणा मोजायचा नाही.

आणि हे चित्रापुरतं राहत नाही. फाळणीत दोन्ही बाजूंनी हजारो बायका पळवल्या गेल्या. त्यांना परत मिळवण्यासाठी दोन्ही सरकारांनी करार केला आणि आपल्याकडे १९४९ मध्ये कायदा झाला. त्यात अपहृत व्यक्ती कुणाला म्हणायचं याची व्याख्या वाचा. मुलगा असेल तर सोळा वर्षांखालचा. स्त्री असेल तर कोणत्याही वयाची. चाळीस वर्षांच्या बाईला 'तुला जायचंय का' असं विचारणं कायद्याला बंधनकारक नव्हतं. ती इथं राहून संसार करत असेल, पोटात मूल असेल, तरी ती कुठली हे न्यायाधिकरण ठरवणार. मृदुला साराभाईंसारख्या कार्यकर्त्यांनी जिवाचं रान करून शेकडो ठिकाणांहून बायका सोडवल्या, त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण दोन देशांचा हिशेब बायकांच्या देवघेवीनं मिटवायचा, हे सगळ्यांना इतकं स्वाभाविक वाटलं ते कशामुळे? देश म्हणजे बाई आणि बाई म्हणजे देशाची अब्रू, हे चित्र आधीच सगळ्यांच्या डोक्यात पक्कं होतं म्हणून.

अभ्यासू_बोका

सायली, +१.

फिनलंडचं उदाहरण जोडतो. १८९९ मध्ये झार निकोलस दुसरा यानं फेब्रुवारी जाहीरनामा काढून फिनलंडची स्वायत्तता आवळली. त्याच वर्षीचं एटू इस्तोचं 'हल्ला' हे चित्र आहे. वादळी समुद्रकिनाऱ्यावर पांढऱ्या वस्त्रातली फिनलंडची कन्या, तिच्यावर रशियाचा दुतोंडी गरुड झडप घालतोय आणि तिच्या हातातला कायद्याचा ग्रंथ फाडतोय. हे व्यंगचित्र नव्हे, रंगीत चित्र आहे. पण त्याच्या छापील प्रती लपूनछपून लोकांत पसरल्या आणि त्यानं व्यंगचित्राचंच काम केलं.

'टू फोर्सेस'मध्ये कायदा ब्रिटानियाच्या तलवारीवर होता. इथं कायदा त्या मुलीच्या हातात आहे आणि ती तो सोडत नाहीये. दुबळ्या शेजाऱ्यानं स्वतःचं चित्र स्वतः काढलं की एवढा फरक पडतो. १९०५ मध्ये अवनींद्रनाथ टागोरांनी भारतमाता काढली तिच्याही चार हातांत अन्न, वस्त्र, विद्या आणि दीक्षेची माळ आहे, आसवं नाहीत.

कसबेकर

सगळे प्रतिसाद वाचले. उदाहरणं भारी आहेत. तरी माझी एक शंका कायम आहे. १८८१ च्या चित्रकाराला आपण आजच्या मापानं मोजतोय का? त्या काळी बायकांना मत नव्हतं, राजकारणात त्या नव्हत्या. त्यानं बाई रडताना दाखवली ती त्याच्या काळाचं प्रतिबिंब म्हणून. त्याला पर्याय तरी काय होता?

रेघोट्या

कसबेकर, या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. त्या चित्राची तारीख पुन्हा बघा, २९ ऑक्टोबर १८८१. त्या आठवड्यात आयर्लंडमध्ये बायका काय करत होत्या ते सांगतो.

१८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी लँड लीग निघाली, चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल तिचा अध्यक्ष. मार्च १८८१ मध्ये सरकारनं खटल्याशिवाय अटकेचा कायदा केला. १३ ऑक्टोबरला पार्नेलला पकडून किल्मेनमच्या तुरुंगात टाकलं, २० ऑक्टोबरला लँड लीगवर बंदी आली. टेनिएलच्या तलवारीवरचा 'कायदा' तो हा.

पुरुष पुढारी आत गेले. मग चळवळ कुणी चालवली? पार्नेलची बहीण ॲना. तिनं जानेवारी १८८१ मध्येच लेडीज लँड लीग सुरू केली होती, कारण पुढाऱ्यांची धरपकड होणार हे उघड दिसत होतं. या बायकांनी जमिनीवरून हुसकावलेल्या कुळांसाठी लाकडी झोपड्या उभ्या केल्या, कैद्यांच्या जेवणाची आणि त्यांच्या घरच्यांची सोय केली, हिशेब ठेवले, गावोगाव जाऊन जप्तीच्या जागी हजर राहिल्या. पार्नेलच्या पक्षाचं 'युनायटेड आयर्लंड' हे वर्तमानपत्र सरकारनं दडपलं तेव्हा त्याचे अंक लपवून छापणं आणि वाटणं यातही त्या होत्या. डब्लिनच्या आर्चबिशप मॅककेब यांनी पत्रक काढून बायकांनी लाज सोडली म्हणून निषेध केला. डिसेंबरमध्ये त्यांच्या संघटनेवरही बंदी आली, तरी सभा चालूच राहिल्या.

आणि अटक झाली तेव्हा पुरुषांना राजकीय कैदी म्हणून जी वागणूक मिळत होती ती बायकांना मिळाली नाही. त्यांच्यावर चौदाव्या शतकातला एक जुना कायदा लावला, जो एरवी वेश्यांवर वापरत. सामान्य गुन्हेगार म्हणून त्यांना डांबलं.

म्हणजे 'पंच'च्या पानावर आयर्लंड नावाची मुलगी कायद्याच्या आडोशाला रडत होती, आणि आयर्लंडमधल्या हाडामांसाच्या मुली त्या कायद्याला तोंड देत होत्या. टेनिएलला पर्याय नव्हता असं कसं म्हणायचं? ॲना पार्नेलच्या सभांची वर्णनं लंडनच्या वर्तमानपत्रांत छापून येत होती. बुधवारच्या टेबलावर बसणारे लोक वर्तमानपत्रं वाचणारेच होते.

ॲनाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण तिला फक्त इंग्रजांनीच बाजूला सारलं नाही. मे १८८२ मध्ये तिचा भाऊ सरकारशी समझोता करून सुटला, आणि ऑगस्टपर्यंत लेडीज लँड लीगचे पैसे अडवून त्यानं ती बंद करायला लावली. बाहेर आलेल्या पुढाऱ्यांना या बायका फारच पुढे गेल्याचं वाटत होतं. ॲना त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. ती इंग्लंडमध्ये नाव बदलून राहिली आणि १९११ मध्ये इल्फ्राकूमला समुद्रात पोहताना बुडून गेली. तिनं आपली बाजू लिहून ठेवली होती. ती पुस्तकरूपानं छापली गेली १९८६ मध्ये.

लिफीकाठ

ॲनाबद्दल लिहिलंत, फार बरं केलंत. इथल्या शाळांतून पार्नेल म्हटलं की अजून भाऊच आठवतो. ओ'कॉनेल स्ट्रीटच्या वरच्या टोकाला त्याचा भव्य पुतळा आहे.

कसबेकर

रेघोट्या, ॲना पार्नेलची माहिती माझ्यासाठी नवी आहे आणि ती वाचून ते चित्र वेगळं दिसतंय, हे मान्य. तरीही चित्रकाराच्या हेतूबद्दल मी एवढ्या ठामपणे बोलणार नाही. टेनिएलला ती मुलगी खरंच सुंदर आणि दुःखी वाटत असेल. त्याला तिची कणव असेल.

कुंचला

कसबेकर, कणव होती हे मीही मानते. रेषेत ती दिसते, हायबर्नियाच्या चेहऱ्यावर त्यानं जीव ओतलाय. पण ज्याची कणव येते त्याचं म्हणणं ऐकलं जातंच असं नाही. माझी हरकत तिथं आहे.

अभ्यासू_बोका

खरीखुरी बाई सत्तेवर बसली की चित्रकारांची पंचाईत कशी होते याचं अलीकडचं उदाहरण: जर्मनी आणि पोलंड. जून २००७ मध्ये युरोपीय संघात कोणत्या देशाला किती मतं यावरून दोघांचं वाजलं होतं. पोलंडच्या 'व्प्रोस्ट' साप्ताहिकानं मुखपृष्ठावर एक जोडचित्र छापलं: जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, अंगेला मेर्केल छाती उघडी टाकून बसल्या आहेत आणि पोलंडचे राष्ट्राध्यक्ष व पंतप्रधान, म्हणजे काचिन्स्की जुळे भाऊ, त्यांच्या अंगावर पीत आहेत. मथळा 'युरोपची सावत्र आई'.

जर्मनीनं पोलंडवर काय काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, पोलिश लोकांच्या रागाला मोठा इतिहास आहे. पण तो राग मतांच्या सूत्रावर बोलण्याऐवजी एका बाईच्या छातीवर जाऊन थांबला. चॅन्सेलर पुरुष असता तर त्याला बहुधा गणवेश चढवला असता. बाई आहे म्हणून आई करायची, आणि आवडत नाही म्हणून सावत्र.

यात पोलंडनं स्वतःलाही तान्हं बाळ केलंय, हे त्या संपादकांच्या लक्षात आलं होतं का, असा प्रश्न मला पडतो.

मास्तरीण

मी बरेच दिवस नुसतं वाचते, आज लिहिते. दहावीच्या मुलांना इतिहास शिकवते. राष्ट्रवादाच्या धड्यांत मारियान आणि जर्मानिया यांची चित्रं दाखवते तेव्हा मुलं 'छान दिसते' म्हणून पुढे जातात. या धाग्यातलं एखादं चित्र वर्गात न्यायचं तर कोणतं नेऊ? पोस्टरमधल्या मुलीचं नको वाटतं, वय लहान आहे मुलांचं.

रेघोट्या

मास्तरीणबाई, एक न्या असं सांगणार नाही, जोडी न्या. २४ ऑक्टोबर १८८५ च्या 'पंच'मध्ये 'द आयरिश व्हँपायर' आहे. हायबर्निया झोपली आहे, वरून एक प्रचंड वटवाघूळ तिच्यावर उतरतंय. त्याच्या पंखांवर 'नॅशनल लीग' (लँड लीगनंतरची पार्नेलची संघटना) लिहिलंय आणि त्याला चेहरा पार्नेलचा. दोनच आठवड्यांनी, ७ नोव्हेंबरला, आयरिश बाजूच्या 'पायलट'मध्ये उत्तर छापलं गेलं: 'द इंग्लिश व्हँपायर'. तेच वटवाघूळ, पण आता ते आहे ब्रिटिश सत्ता. आणि हायबर्निया झोपलेली नाही. उठून उभी आहे, हातात तलवार आहे.

मथळे झाकून दोन्ही चित्रं शेजारी ठेवा आणि मुलांना विचारा की दुसऱ्या चित्रकारानं काय काय बदललं आणि काय तसंच ठेवलं. वटवाघळाचं नाव बदललं, बाईची झोप मोडली, तिला शस्त्र दिलं, हे मुलं पटकन सांगतील. तिचं रूप दोघांनीही तेवढंच देखणं ठेवलंय, हे कुणाच्या तरी लक्षात येईल असं वाटतं. मग ॲना पार्नेलची गोष्ट सांगा. तिचं छायाचित्र उपलब्ध आहे, साध्या काळ्या पोशाखातलं. तेही सोबत न्या.

मास्तरीण

नेते. पुढच्या आठवड्यात तो धडा आहे. मुलं काय म्हणाली ते इथं येऊन लिहीन. सायलीताई, तुमचा १९४९ च्या कायद्यावरचा प्रतिसाद मोठ्या वर्गाला वाचून दाखवला तर चालेल का?

सायली_ब

जरूर वाचा. व्याख्येचं मूळ कलमही सोबत वाचून दाखवा, माझ्या शब्दांपेक्षा ते जास्त परिणाम करेल.